दुसऱ्याच्या तोंडची प्रार्थना

आदरणीय मावशी, सलाम.

दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात माझं सासर. साडेतीन एकर कोरडवाहू वावर आहे. यंदा सोयाबीन सोंगून सुडी लावली अन् वरून पाणी आलं, सुडीतच शेंगांना कोंब फुटले. पऱ्हाटीत बोंडअळी. श्रावणात सासूबाईंना लकवा मारला. उजवा हातपाय गेला, वाचाही गेली.

गावात आमची मोजकीच ख्रिस्ती घरं, दर बुधवारी प्रार्थनेची संगती असते. मागच्या महिन्यात बाहेरून एक भाऊ आले, त्यांनी तीन दिवस उपास-प्रार्थना घेतली. तासभर न थांबता प्रार्थना करतात, वचनं तोंडपाठ, सगळे रडायला लागतात. मी तशी करून पाहते, तर पाच मिनिटांत शब्द संपतात आणि मन बाजार समितीतल्या भावावर जातं. ते म्हणाले, तुमच्या घरात अविश्वास आहे म्हणून उत्तर अडलंय. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या बंद करा आणि विश्वासाचं बी म्हणून पाच हजार रुपये पेरा. पैसे आहेत ते सोसायटीच्या कर्जापोटी भरायचे आहेत.

माझी जाऊ त्याच संगतीत येते. धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, आमचं बोलणं बंद आहे. ह्यांनी चर्चला येणं सोडलंय, रात्री झोपत नाहीत, कुणाशी बोलत नाहीत. मावशी, प्रार्थना देवापर्यंत पोचेल अशी कशी करायची? माझं नेमकं कुठं चुकतं?

– एक सून

पोरी, सलाम.

आधी गोळ्यांचं, मग प्रार्थनेचं. सासूबाईंच्या गोळ्या थांबवल्या असशील तर उद्यावर टाकू नकोस. आजच त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात ने. नेता येत नसेल तर आशाताईंना घरी बोलाव, बीपी मोजायची सोय कर आणि डॉक्टर सांगतील तशा गोळ्या पुन्हा चालू कर. सरकारी केंद्रात त्या फुकट मिळतात. एकदा लकवा येऊन गेलेल्या माणसाचा रक्तदाब मोकळा सुटला की दुसऱ्या झटक्याची भीती फार वाढते. मी नोकरीभर मिशनच्या दवाखान्यात सिस्टर होते. आमच्या वॉर्डात सकाळी आधी प्रार्थना व्हायची आणि आमेन म्हटलं की गोळ्यांची ट्रॉली निघायची. ह्या दोन गोष्टींचं एकमेकींशी वैर आहे असं तिथं कुणाच्या मनातही आलं नाही.

शास्त्रातही तसं नाही. हिज्कीया राजा मरणाच्या दुखण्यात भिंतीकडे तोंड करून रडला. देवानं त्याचं ऐकलं, आयुष्याची १५ वर्षं वाढवून दिली, आणि त्याच दुखण्यात यशया संदेष्ट्यानं त्याच्या गळवावर अंजिराचा लेप बांधायला लावला. पौलाच्या सोबत हिंडणाऱ्या लूकला पौल स्वतः प्रिय वैद्य म्हणतो. आणि आणखी एक वाच, तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अगदी शेवटी आहे: त्रफिम आजारी होता म्हणून पौल त्याला मिलेतात ठेवून पुढे गेला. ज्याच्या हातून इतके लोक बरे झाले त्या पौलाला आपला सोबती आजारी अवस्थेत मागे ठेवावा लागला, आणि त्यावर त्यानं त्रफिमच्या विश्वासाबद्दल वाकडा शब्द काढला नाही. मग तुझ्या घरात येऊन, अंथरुणाला खिळलेल्या बाईच्या उशाशी बसून, तुमच्यात अविश्वास आहे असं म्हणायचा हक्क कुणाला कुठून आला? मला हे वाचून फार वाईट वाटलं, आणि रागही आला.

दुखणाइतासाठी काय करावं ते याकोबानं लिहूनच ठेवलं आहे. मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. तुमच्या पाळकांना आणि मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना बोलाव, तेल लावून घे, त्यात काहीच वावगं नाही. पण तो उतारा नीट पाहा. विश्वासाची प्रार्थना तिथं येणाऱ्या वडिलांनी करायची आहे. आजारी माणसाच्या विश्वासाची झडती घ्या असं याकोब सांगत नाही.

पाच हजारांचं एका वाक्यात सांगते, देऊ नकोस. नामान सरदार बरा झाल्यावर सोनं-चांदी घेऊन अलीशाच्या दारात उभा राहिला तेव्हा अलीशानं त्यातलं काहीही घ्यायला नकार दिला, आणि त्याच्या मागून धावत जाऊन ते मागून आणणाऱ्या गेहजीचं काय झालं ते बायबलातल्या 'दुसरे राजे' पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात आहे. सोसायटीचे पैसे सोसायटीतच भर.

आता तुझा खरा प्रश्न. तुझं कुठं चुकतं म्हणतेस, तर मला एकच जागा दिसते. तू दुसऱ्याच्या तोंडची प्रार्थना करायला बघतेस. त्या भावांचे शब्द, त्यांची पट्टी, त्यांचं रडणं. ते त्यांचं असेल, त्यांचं देवाशी काय आहे ते देव बघेल. पण ते अंगावर घेऊन तू देवापुढे उभी राहतेस तेव्हा तिथं तू नसतेसच. पाच मिनिटांत शब्द संपतात ते त्यामुळे. आणि मन बाजारभावावर जातं ही तुला प्रार्थनेतली अडचण वाटते. अगं, तीच तर तुझी प्रार्थना आहे. मन जिथं धावतंय तिथंच देवाला घेऊन जा. घरच्या भाषेत सांग:

'प्रभू, सुडी सडली. सोसायटीचे पैसे भराचे हायेत. मले रात्री भेव वाटते. माह्या जावेचा राग येते. सासूबाईच्या पोटात आज दोन घास जाऊ दे.'

एवढी झाली तरी ती पूर्ण प्रार्थना आहे. तिला वरून काही जोडायची गरज नाही.

हन्नाची गोष्ट तुला माहीत आहे, पण ती पुन्हा एकदा सावकाश वाच, पहिल्या शमुवेलाचा पहिला अध्याय. मूल नाही, सवत टोचून बोलते, नवरा म्हणतो मी तुला दहा मुलांपेक्षा कमी आहे का. ती देवाच्या घरी जाऊन रडते. तिचे ओठ हलतात, आवाज निघत नाही. आणि तिथला याजक एली, ज्याला प्रार्थना ओळखता यायला हवी, त्याला वाटतं ही बाई प्यायलेली आहे. प्रार्थनेच्या जाणकारालाच खरी प्रार्थना ओळखू आली नाही! ती त्याला सांगते, मी प्यायले नाही, मी माझं मन देवापुढे ओतलं. त्यानंतरचं वाक्य बायका वाचताना भरभर पुढे जातात, पण मला तेच फार मोलाचं वाटतं. ती उठली, जेवली, आणि मग तिचं तोंड उतरलेलं राहिलं नाही. अजून शमुवेल पोटात नव्हता. सवत तीच, घर तेच. तरी ती जेवली. प्रार्थना पोचली की नाही हे कळायला दर वेळी मूल होईपर्यंत, पीक येईपर्यंत थांबावं लागत नाही. सगळं खरं सांगून झालं की माणसाला दोन घास जातात, झोप येते. तू किती दिवसांत पोटभर जेवली नाहीस, ते पत्रात लिहिलं नसलंस तरी मला दिसतं.

मागायचं ते नेमकं माग. 'प्रभू, आम्हाला आशीर्वादित कर' असं आपण फार म्हणतो, आणि आशीर्वाद आला की नाही ते कळायला मार्ग नसतो. येशूनं मध्यरात्रीच्या मित्राचा दाखला सांगितला तो बघ. पाहुणा आलाय, घरात काही नाही, शेजाऱ्याचं दार लागलेलं, लेकरं बापाजवळ निजलेली. आपल्याकडच्या एकाच खोलीच्या घरासारखं घर ते. हा दारात उभा राहून काय म्हणतो? तीन भाकरी दे. किती हव्यात, कशासाठी हव्यात, कुणासाठी हव्यात, सगळं सांगतो. आणि स्वतःसाठी मागत नाही, घरी आलेल्यासाठी मागतो. आमच्या वॉर्डात एकदा जुलाबानं सुकून गेलेली एक लहान मुलगी आली होती. तिची आई खाटेची पाटी धरून रात्रभर एकच म्हणत होती, 'देवा, हिले हा चमचा पचू दे.' चमचाभर साखर-मिठाचं पाणी पाजायची, तेवढ्यापुरतं मागायची, तो चमचा टिकला की पुढचा. लेकराचं सगळं आयुष्य तिनं एकदम मागितलं नाही. पहाटेपर्यंत मुलगी डोळे उघडून बघायला लागली. रात्रभर ऐकत बसलेल्या मला त्या माउलीच्या मागण्यात जी ताकद जाणवली ती मोठमोठ्या सभांमध्येही फार कमी वेळा जाणवली आहे. 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' ह्यातही आजचंच मागणं आहे. तूही असंच माग. सोयाबीनला काय भाव यावा ते माग. सोसायटीच्या ह्या हप्त्यापुरतं होऊ दे असं माग. देवापुढे पैशाचं बोलू नये असं कुणी म्हटलं तर मानू नकोस.

लांब आणि मोठ्यानं केलेली प्रार्थना खोटी असते असं मात्र माझं म्हणणं नाही. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनात १९०५ साली मुली आणि बायका एकाच वेळी मोठमोठ्यानं रडत, पापं कबूल करत प्रार्थना करू लागल्या, आणि त्या जागृतीची बातमी पार परदेशापर्यंत गेली. पण त्या बायका कोण होत्या ते विसरू नकोस. दुष्काळातून वाचवून आणलेल्या, टाकलेल्या, विधवा. त्यांच्याकडे रडायला त्यांचं स्वतःचं होतं. त्याच रमाबाईंनी पुढे आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणण्यात घालवली. बाईला देवाशी तिच्या समजुतीच्या भाषेत बोलता यावं, ह्याची त्यांना किती कळकळ होती ते त्यावरून दिसतं.

कर्मेल डोंगरावर बआलाचे संदेष्टे सकाळपासून दुपार टळून जाईपर्यंत ओरडले, अंग कापून घेतलं, काही झालं नाही. एलीयाची प्रार्थना दोन वचनांत संपली आणि अग्नी उतरला. हा अर्धा भाग सगळे उपदेशक सांगतात. पुढचा भाग आपल्या कोरडवाहू मुलखातल्या माणसानं जास्त वाचावा. तोच एलीया त्याच दिवशी पावसासाठी गुडघ्यात डोकं घालून बसला, आणि चाकराला समुद्राकडे बघायला सात वेळा पाठवलं. सहा वेळा चाकर येऊन सांगतो, काही नाही. सातव्यांदा तळहाताएवढा ढग. मृगाच्या तोंडावर धुऱ्यावर उभं राहून आभाळाकडे बघणाऱ्यांना हे कुणी वेगळं समजावून सांगायला नको. एका कामाला दोन वाक्यं पुरली, दुसऱ्याला सात खेपा लागल्या. प्रार्थना करणारा माणूस एकच होता, विश्वासही तोच. तेव्हा किती वेळ प्रार्थना केली ह्यावरून कुणाचा विश्वास मोजू नकोस, आणि स्वतःचा तर नकोच नको.

आणि जिथं उत्तर येतच नाही? ह्याबद्दल मी तुला खोटा धीर देणार नाही. काही वेळा नाही हेच उत्तर असतं. येशूनं गेथशेमानेत हा प्याला टळो म्हणून प्रार्थना केली. तीन वेळा केली, आणि मत्तय मुद्दाम सांगतो की तेच शब्द पुन्हा म्हटले. म्हणजे रोज तेच तेच मागते म्हणून मनाला लावून घेऊ नकोस, प्रभूनंही तेच केलं. प्याला टळला नाही. पौलानं देहातला काटा काढ म्हणून तीन वेळा विनंती केली, काटा राहिला, आणि 'माझी कृपा तुला पुरे आहे' एवढं मिळालं. आता, उत्तर अडलं म्हणजे घरात अविश्वास आहे असं ज्याला म्हणायचं आहे त्यानं ते आधी गेथशेमानेत जाऊन म्हणावं.

अशा दिवसांसाठी स्तोत्रं आहेत. तेरावं स्तोत्र सहाच वचनांचं आहे. त्यात दाविद सरळ विचारतो, किती दिवस मला विसरणार, किती दिवस माझ्यापासून तोंड लपवणार. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक ओळसुद्धा नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलं आहे. देवाशी असं बोलता येतं, म्हणून ठेवलं आहे. हबक्कूकाच्या शेवटच्या अध्यायातली ती वचनं, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, ती मात्र तुझ्यावर आज कुणी लादू नयेत. हबक्कूक तिथपर्यंत आला तो पहिल्या अध्यायात देवाशी भांडून आला. तूही आधी पहिला अध्याय वाच. शब्द अगदीच संपले, नुसता उसासा निघाला, तरी रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाप्रमाणे पवित्र आत्मा त्या उसाशातूनच तुझ्यासाठी मध्यस्थी करतो.

वेळेचं आणि जागेचं तू विचारलं नाहीस, पण अडचण तीच असणार. दोन खोल्यांचं घर, दार लावून आत बसायला जागा कुठली? पहाटे पाणी भरायचं, सयपाक, ढोरं, मग वावर. वेगळा तास काढ असं मी सांगणार नाही, तुझ्याकडे तो नाही. नहेम्यानं राजाचा प्रश्न आणि आपलं उत्तर ह्यांच्या मधल्या क्षणात प्रार्थना केली, तेवढ्यात किती शब्द बसले असतील? कापूस वेचताना एका तासाला, म्हणजे झाडांच्या एका ओळीला, एका माणसाचं नाव घे. हे तास संपलं की पुढच्या तासाला दुसरं नाव. आणि सासूबाईंची कूस तुला दर दोन तासांनी बदलावीच लागते, नाहीतर पाठीला जखमा होतील. तेव्हा त्यांच्या अंगाला हात लावलेलाच असतो. तेवढ्या वेळात त्यांच्यासाठी एक वाक्य मोठ्यानं म्हण. त्यांना ऐकू येतं.

त्यांच्या वाचेचं अजून एक सांगते. लकव्यानं बोलणं गेलेली कितीतरी माणसं पाठ असलेलं गाणं किंवा प्रार्थना म्हणू शकतात, कारण ते जुनं, घोटलेलं मेंदूत वेगळ्या वाटेनं येतं. आमच्याकडे एक म्हातारे होते, त्यांना 'पाणी' म्हणता येत नव्हतं, नुसतं बोट दाखवायचे. एका संध्याकाळी वॉर्डात प्रभूची प्रार्थना सुरू झाली आणि ते आमच्याबरोबर 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणू लागले, अडखळत, पण शब्द स्पष्ट. त्यांची सून पायथ्याशी उभी होती, तिच्या हातातला डबा तसाच राहिला. सासूबाईंबरोबर रोज संध्याकाळी प्रभूची प्रार्थना सावकाश म्हण, त्यांच्या लहानपणचं एखादं गीत म्हण, रेव्हरंड टिळकांचा अभंग येत असेल तर तो म्हण. त्या म्हणतीलच असं वचन मी देत नाही. म्हटलं नाही तरी थांबू नकोस.

आता जावेचं. हे तू पत्रात मध्येच कुठेतरी एका ओळीत लिहून पुढे गेलीस, पण मला वाटतं तुझी प्रार्थना खरी अडली असेल तर इथं अडली आहे. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू म्हणतो, वेदीजवळ अर्पण आणलंस आणि तिथं आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. बघ, तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध असं नाही म्हटलं, त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध असं म्हटलं आहे. चूक कुणाची हा हिशोबच तिथं नाही. तुम्ही दोघी एकाच सतरंजीच्या दोन टोकांना बसून एकाच बापाला हाक मारता. संगतीतल्या प्रत्येक बाईला ते माहीत आहे, आणि तुम्हा दोघींनाही.

समेट म्हणजे धुरा सोडून देणं नव्हे. त्यांनी दोन तासं आत नांगरली असतील तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात सरकारी मोजणीला अर्ज करा, खुणा रोवून घ्या, विषय मिटेल. ते नवऱ्यांना करू दे. तू आधी तिच्या दारात जा. तीळगुळासारखं गोड बोलायला नाही, कामाला बोलवायला जा. तिचीही ती सासूच आहे. पडलेल्या माणसाची कूस एकटीनं बदलणं फार जड जातं, खाली चादर घालून दोघींनी दोन बाजूंनी ओढली की अलगद होतं. तेवढंच बोल: 'बाई, मायबाईले फिरवाले एक हात दे.' ती नाही म्हणाली तर परत ये, आठ दिवसांनी पुन्हा जा. हो म्हणाली तर त्या दिवशी धुऱ्याचा विषय काढू नकोस. आणि वेचणीच्या तासांमध्ये एका तासाला तिचंही नाव घे, तिला सुधार म्हणून नव्हे, तिच्या लेकरांचं, तिच्या पिकाचं भलं कर म्हणून. ईयोबाचे दिवस पालटले ते त्यानं आपल्याला दोष देणाऱ्या मित्रांसाठी प्रार्थना केली तेव्हा.

राहिले तुझे यजमान. त्यांच्या समोर त्यांच्याचबद्दल देवाला मोठ्यानं सांगू नकोस. 'प्रभू, ह्यांना चर्चला येण्याची बुद्धी दे' असं भिंतीकडे बघून म्हटलं तरी ते त्यांना ऐकवलेलं असतं, आणि माणूस अजून लांब जातो. जेवायच्या आधी प्रभूची प्रार्थना म्हण, ते बसले तर बसले, उठले तर उठू दे. बाकीचं त्यांच्यासाठीचं मागणं वावरात कर.

पण रात्र रात्र झोप नाही, बोलणं बंद, पीक गेलेलं, डोक्यावर कर्ज, हे एकत्र वाचून माझ्या पोटात गोळा आला. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात ह्याच खुणांमागून किती घरांवर काय ओढवलं ते तुला मी सांगायला नको. इथं नुसती प्रार्थना करत बसू नकोस. त्यांच्याजवळ बस आणि स्पष्ट विचार, तुमच्या मनात जीव द्यायचं येतं का. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे, उलट विचारल्यानं माणूस मोकळा होतो. फवारणीचं औषध घरात असेल तर आजच तिथून हलव, कुलपात ठेव किंवा दिराच्या घरी ठेव, आणि किल्ली तुझ्याकडे राहू दे. हो, दिराच्याच घरी, बोलणं बंद असलं तरी. नुकसानीचा पंचनामा झाला का, यादीत नाव आलं का, ते तलाठ्याकडे तू स्वतः जाऊन विचार, तेवढं ओझं त्यांच्या डोक्यावरून उतरव. दारव्ह्याच्या नाही तर यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना त्यांच्या झोपेचं सांग. आणि १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी मदतीचा, नंबर आहे, फुकट लागतो, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलतात. ते बोलायला तयार नसले तर तू फोन कर आणि काय करू ते विचार. तुझ्या मोबाइलमध्ये आणि जावेच्याही मोबाइलमध्ये तो आजच घालून ठेव.

– तुझी मावशी